नवव्या दिवसाचं पाणी

रात्री अडीच-पावणेतीनच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी ओरडतं, "नळ उना वं!" आणि दोन मिनिटांत सगळ्या घरांतले दिवे लागतात. टिल्लू पंप घरघरायला लागतात. निळ्या ड्रममध्ये पडणाऱ्या धारेचा आवाज आधी पोकळ असतो, मग भरदार होत जातो. किती भरलं ते अंधारातही त्या आवाजावरून कळतं. जळगाव आणि धुळ्याच्या मधल्या आमच्या गावात नळाला पाणी साधारण नवव्या दिवशी येतं. पाऊसकाळ बरा असला तर सातव्या, वैशाखात बाराव्यासुद्धा. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाकाच्याही आधी पाणी शिकवलं. पिण्याचं कुठलं, भांड्यांचं कुठलं, धुण्याचं उरलेलं कुठे वापरायचं, पाव्हणे आले तरी कुठल्या हंड्याला हात लावायचा नाही.

दोनशे लिटरचे दोन ड्रम, न्हाणीतला सिमेंटचा हौद, अंगणातला सासूबाईंच्या सासूच्या वेळचा रांजण, चार पितळी हंडे, एक माठ. नळ लांबणार अशी कुणकुण लागली की बादल्या आणि पातेलीही भरून ठेवायची. या साठ्याकडे मी कित्येक वर्षं घरातल्या धान्याच्या कोठीकडे बघावं तशी बघत आले. रांजण काठोकाठ दिसला की रात्री झोप चांगली लागायची.

२०१९च्या भाद्रपदात माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला ताप भरला. आधी वाटलं, पावसात भिजलाय. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आई, डोळ्यांच्या मागे दुखतंय." डोळे दुखतात असं नाही म्हणाला, डोळ्यांच्या मागे. डॉक्टरांनी तो शब्द ऐकला आणि लगेच रक्त तपासायला पाठवलं. डेंग्यू निघाला. ताप पॅरासिटामॉलने हटेना. अंगदुखीच्या दुसऱ्या गोळ्या अजिबात द्यायच्या नाहीत असं त्यांनी दोनदा बजावलं, त्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पाचव्या दिवशी सकाळी अंग गार लागलं. मला वाटलं सुटलो. मी देवापुढे दिवासुद्धा लावला. डॉक्टर मात्र म्हणाले, "आता खरी काळजी घ्यायची, ताई." ताप उतरतो त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं, पोट दुखतं, उलट्या होतात, लघवी कमी होते, आणि मूल बघता बघता थंड पडतं. पुढचे दोन दिवस मी त्याच्या उशाशी वही घेऊन बसले होते. किती प्यायला, किती लघवी झाली, किती वाजता. पेशी चाळीस हजारांच्या खाली गेल्या. नात्यातल्या प्रत्येकाने पपईच्या पानांचा रस आणून दिला. माझा त्याच्यावर भरवसा नव्हता, पण आणणाऱ्याच्या डोळ्यांतली काळजी खरी होती, म्हणून मी नाही म्हणू शकले नाही. डेंग्यूच्या विषाणूला मारणारं औषध अजून नाही. सलाईन, पाणी आणि लक्ष, एवढ्यावरच तो परत आला.

मधल्या एका दुपारी मी कपडे न्यायला घरी आले होते. तेवढ्यात आरोग्य सेवक आणि आमच्या वस्तीची आशाताई सर्वेक्षणाला आले. तिच्या हातात बॅटरी आणि एक पांढरी वाटी. तिने ड्रमचं झाकण सरकवलं, आत उजेड टाकला, हौदात वाटी बुडवली. मग रांजण. रांजणातली वाटी तिने माझ्यासमोर धरली. पांढऱ्या बुडावर बारीक, काळपट, वाकडे-तिकडे दोरे वर-खाली करत होते. दहा-बारा तरी असतील.

"आठ दिवसनं पानी शे हाई," ती म्हणाली. आवाजात दोष देणं नव्हतं. तरी माझे पाय लटपटले. ज्या रांजणाकडे बघून मला झोप लागायची, त्याच रांजणातून डास निघून माझ्या मुलाला चावला असेल. डेंग्यूचा हा पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस डास फार लांब उडत नाही, शे-दोनशे मीटर फार झालं. म्हणजे तो आमच्याच गल्लीतला, बहुधा आमच्याच घरातला.

"आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करायची, घासून पुसून कोरडी करायची," आरोग्य सेवकाने सांगितलं. "कोरडा दिवस पाळायचा." तो निघून गेल्यावर आशाताई थोडी मागे रेंगाळली आणि हळूच म्हणाली, "आमना घरमा बी तेच शे, ताई."

हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. ती रोज शंभर घरांत जाऊन पाणी ओता म्हणून सांगते, आणि तिच्या घरचा नळही नवव्याच दिवशी येतो.

त्यानंतर मी वाचत गेले, विचारत गेले. एडिसची मादी पाण्यात अंडी सोडत नाही. पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. पाणी वर चढलं, अंड्याला लागलं, की अळी बाहेर येते. आपल्याकडच्या उबेत अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत सात ते दहा दिवस. म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस. आता त्या शेजारी आमच्या नळाचं वेळापत्रक ठेवा. नऊ दिवस. डासाला जन्माला यायला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच वेळ आमचं पाणी भांड्यात उभं असतं. पाणी दर दोन दिवसांनी आलं असतं तर भांडी आपोआप रिकामी झाली असती, कुणाला काही शिकवावं लागलं नसतं. मला यात अडाणीपणा दिसत नाही. सातव्या दिवशी जिच्या घरात दीड ड्रम पाणी उरलंय आणि नळ कधी येईल ते जिला ठाऊक नाही, ती बाई ते पाणी गटारात ओतेल कशी?

डास म्हटलं की लोकांना कोकणातला पाऊस, केरळातली हिरवळ आठवते. आमच्याकडे वर्षाचा पाऊस सहा-सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही मध्ये मध्ये दडी मारणारा. एवढ्या कोरड्या मुलखात हा आजार कसा, असं पुण्याच्या माझ्या नणंदेने विचारलं होतं. आमच्याकडे तो पाण्याच्या तुटवड्यातून येतो. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी साठवण जास्त. आणि जून-जुलैत चार सरी पडून हवा ओलसर झाली, पण धरणं भरली नाहीत, म्हणजे साठवण तशीच चालू राहिली, की ते दोन महिने सगळ्यांत वाईट.

आमच्या उन्हाळ्याचंही सांगितलं पाहिजे. भुसावळचा पारा बातमीत येतो तो उगाच नाही. पंचेचाळीसच्या पुढे जातो. तापी सूर्याची मुलगी म्हणतात, आणि तिच्या दोन्ही काठांवर मे महिन्यात बापाचंच राज्य असतं. चाळिशीच्या वर आणि त्या कोरड्या हवेत डास फार तग धरत नाही. हवेतला ओलावा साठ टक्क्यांच्या खाली गेला की त्याचं आयुष्य आखडतं. म्हणजे आमचा वैशाख हा डासांचा काळ असायला नको. पण वैशाखात आमच्या घरात येऊन बघा. खिडकीला पत्र्याचा कूलर, त्याच्या तिन्ही बाजूंना ओलं गवत, खाली टाकीत दोन-तीन बादल्या पाणी. बाहेर पंचेचाळीस, आणि आत अंधारलेल्या खोलीत अठ्ठावीस-तीस आणि दमट. एडिसला याच्याहून सुखाची हवा कुठली मिळणार? त्याच्या अंगात डेंग्यू सगळ्यांत जोमाने पसरतो तो साधारण याच, एकोणतीस-तीस अंशांच्या घरात. वेधशाळेचा आकडा अंगणातला असतो, आणि हा डास अंगणात राहतच नाही. तो पलंगाखाली, पडद्यामागे, दोरीवरच्या कपड्यांच्या आडोशाला बसतो आणि दिवसा चावतो. राष्ट्रीय डेंग्यू दिवस १६ मेला असतो. बाकी देशात लोकांना तो पावसाळ्याआधीचा इशारा वाटत असेल, खान्देशात त्या दिवशी घराघरांतला कूलर भरलेला असतो.

कूलरची आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मृगाचा पाऊस झाला की आपण कूलर बंद करतो. काहीजण पाणी काढतात, काहीजण तेही नाही. पण टाकीच्या पत्र्याला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने जिवंत राहतात. पुढच्या होळीनंतर कूलर खाली उतरवून पाणी भरलं, की मागच्या वर्षीची अंडी फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. काथ्याने पत्रा घासावा लागतो, कोपरे आणि सांधेसुद्धा.

हिवतापाची माझी ओळख याच्याही आधीची. लग्नाआधी तीन वर्षं मी नंदुरबार जिल्ह्यात, धडगावकडच्या एका आश्रमशाळेत शिकवत होते. सातपुड्यातले नाले पावसाळ्यात धडधडत वाहतात. जोराचं पाणी अळ्या वाहून नेतं, म्हणून भर पावसात ताप त्या मानाने कमी असायचा. नवरात्राच्या पुढे नाले तुटतात आणि खडकांमध्ये स्वच्छ पाण्याची डबकी उरतात. गावाकडच्या हिवतापाचा मुख्य वाहक असलेला अॅनॉफिलीस डास वाढतो तो अशाच स्वच्छ पाण्यात. रात्री चावतो, गोठ्यात विसावतो. माणसं त्या दिवसांत खळ्यावर, माळ्यावर, उघड्यावर राखणीला झोपलेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात एकेक पोर दात वाजवत गोधडी मागायचं. दुसऱ्या वर्षी मलाही हीव भरलं. अंगावर चार गोधड्या आणि वर दोन मुली बसल्या होत्या तरी थंडी जाईना, ते अजून आठवतं.

विज्ञानाच्या तासाला रोनाल्ड रॉसचा धडा शिकवत होते. २० ऑगस्ट १८९७, सिकंदराबाद, डासाच्या पोटात सापडलेला हिवतापाचा जंतू. एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग डास चावला की लगेच ताप का नाही येत?" मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. आज देता येतं. आजारी माणसाचं रक्त प्यायल्यावर तो जंतू डासाच्या पोटात वाढतो आणि मग त्याच्या लाळेपर्यंत पोचतो. याला लागणारा वेळ हवेच्या उबेवर ठरतो. पंचवीसच्या वर दहा-बारा दिवस, विसाच्या आसपास तीन आठवड्यांहून जास्त. आणि डास जगतो तोच मुळी दोन-तीन आठवडे. थंडीत जंतू तयार व्हायच्या आधी डास मरतो. ही शर्यत आहे, आणि तिच्यात दोन-तीन अंशांनी निकाल फिरतो. आमच्या लहानपणी पौषात शेकोटीशिवाय सकाळ होत नसे. आता कित्येक रात्री चादरीवर भागतं. त्या दोन-तीन अंशांचा फायदा कुणाला झाला, हे मला त्या मुलीला सांगायचंय.

पण सातपुड्यातला ताप नुसता हवेने टिकत नव्हता. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी यायची. उचल आधीच घेतलेली असायची, आणि पाड्यातली निम्मी माणसं पोरांसकट ऊसतोडीला निघून जायची, कुणी दक्षिण गुजरातकडे, कुणी पश्चिम महाराष्ट्रात. उसाच्या कडेला पाचटाच्या खोपी, शेजारी पाटाचं पाणी, दार नाही, जाळी नाही. हिवतापाचा व्हायवॅक्स नावाचा प्रकार यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो. तो मुळासकट काढायला प्रायमाक्वीनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि टोळी पाचव्या दिवशी दुसऱ्या फडावर हलते. तिथल्या दवाखान्यात यांचं नाव नसतं, आणि पाड्याच्या यादीतला माणूस पाड्यावर नसतो. मग होळीला सगळे परत येतात. अक्कलकुव्याकडे काठीच्या राजवाडी होळीला तर डोंगरच्या डोंगर लोटतो. घुंगरं, मोरपिसं, ढोल, आणि कुणाकुणाच्या रक्तात तो अर्धवट औषध घेतलेला ताप. माझ्या वर्गातल्या एका मुलाला मी एका वर्षात तीनदा हीव भरलेलं पाहिलं. त्याच्या बापाने गोळ्या अर्ध्यावर सोडल्या म्हणून मी तेव्हा रागावले होते. चौदा दिवस एका जागी राहणं ही त्याच्या हातातली गोष्ट नव्हती, हे मला नंतर समजलं. तो राग मला आजही सलतो.

सासूबाई सांगतात, त्यांच्या लहानपणी फवारणीवाले यायचे. घराच्या भिंतींवर डीडीटी मारून दारावर तारीख लिहून जायचे. १९५३मध्ये देशात हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८मध्ये त्याचं नाव निर्मूलन कार्यक्रम झालं. निर्मूलन हे कार्यक्रमाचं नाव होतं, हिवतापाचं निर्मूलन झालं नाही. त्याआधी वर्षाला साडेसात कोटी लोकांना हीव भरायचं आणि आठ लाख माणसं मरायची असा अंदाज होता. १९६५पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. मग हात सैल पडले, डास डीडीटीला सरावले, आणि १९७६मध्ये आकडा चौसष्ट लाखांवर गेला. सासूबाईंना यातलं काही माहीत नाही. त्यांना एवढं आठवतं की पोळ्याला, दिवाळीला त्यांची आई भिंती शेणामातीने सारवून काढायची आणि औषध त्याखाली जायचं. सण तर करायलाच हवा. भिंतीवर औषध राहू द्या असं सांगणाऱ्याने सणाच्या आधी येऊ नये, नंतर यावं, हे कुणाच्या लक्षात आलं नसेल.

चिकुनगुन्याचंही तसंच. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत साथ आली होती, मग तीसेक वर्षं तो जणू नाहीसाच झाला, आणि २००६मध्ये अख्ख्या देशभर उसळला. त्या वर्षी सासूबाईंचे गुडघे धरले ते धरलेच. निंदणीला उकिडवं बसता येईना, म्हणून दोन हंगाम त्यांची मजुरी गेली. पूर्व आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेत या नावाचा अर्थ वाकवून टाकणारा असा होतो. आमच्या गल्लीत अर्थ सांगावा लागला नाही, भिंतीला धरून संडासाकडे जाणाऱ्या बायका समोर दिसत होत्या. या सगळ्या तापांचा काळ नेमका श्रावणापासून दिवाळीपर्यंतचा, म्हणजे निंदणी आणि कापूस वेचणीचा. वर्षाची कमाई ज्या दिवसांत व्हायची, त्याच दिवसांत माणूस खाटेवर.

आणि श्रावणात कानबाई, आमच्या खान्देशातला देवीचा सण. सुरतेला, नाशिकला, पुण्याला पोटासाठी गेलेला सगळा भाऊबंद कानबाईच्या रोटाला घरी येतो. भुसावळ-सुरत लाइनीच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. मला हा सण जिवापाड आवडतो. वर्षभर ओसाड असलेली घरं त्या दोन-तीन दिवसांत बोलायला लागतात. पण ज्याच्या अंगात डेंग्यू आहे त्याला त्या तापाच्या चार-पाच दिवसांत आमचा डास चावला, की आठ-दहा दिवसांनी तो डास दुसऱ्यांना द्यायला तयार होतो. डास दोनशे मीटर उडतो, विषाणू सुरतेहून रात्रीच्या गाडीने येतो. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा होऊन गेलेल्याला दुसऱ्या प्रकाराचा झाला तर तो अधिक जड जाऊ शकतो. माझ्या मुलाला एक होऊन गेलाय, म्हणून दर श्रावणात माझ्या पोटात गोळा येतो.

रुग्ण वाढले की धुराची गाडी येते. पोरं मागे धावतात, मोठी माणसं समाधानाने दार उघडं ठेवतात. धुराने उडते डास काही प्रमाणात मरतात, तेही समोर सापडलेले. रांजणातल्या अळीला त्याचं काही होत नाही, ती चार दिवसांत पंख घेऊन बाहेर येते. मला धुराच्या विरुद्ध बोलायचं नाही, साथ भडकलेली असताना त्याचा उपयोग असतो. पण धूर झाला म्हणजे काम झालं असं सगळ्यांनाच वाटतं, आणि पाणी किती दिवसांनी येतं हा प्रश्न धुराबरोबर विरून जातो. डेंग्यूचं काम आरोग्य खात्याकडे, पाण्याचं काम दुसऱ्या खात्याकडे. माझ्या मते डेंग्यूचं निम्मं औषध पाइपलाइनीतून येतं. नळ वाढवता येत नसेल तर त्याचा दिवस तरी ठरलेला असावा. उद्या पाणी येणार हे नक्की ठाऊक असेल तर आज भांडं रिकामं करायला कुणालाही भीती वाटणार नाही. माणसं पाणी धरून ठेवतात ती त्या नऊ आकड्यापायी नाही, तो कधी बारा होईल या धास्तीने.

मुलगा दवाखान्यातून घरी आला त्या संध्याकाळी मी रांजण उपडा करायला घेतला होता. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. चार हंडे पाणी होतं आत. मी दोन्ही हातांनी कड धरली तशा त्या म्हणाल्या, "फेकू नको वं माय. गाळी ले."

त्यांनी त्यांचं जुनं लुगडं आणून दिलं. चौपदरी करून रिकाम्या हंड्यांच्या तोंडावर बांधलं, आणि आम्ही दोघींनी रांजणातलं पाणी तांब्या-तांब्याने त्यातून गाळलं. अळ्या कापडावर राहिल्या. ते कापड उन्हात वाळत घातलं. रांजण आतून काथ्याने घासला, पाणी असतं त्या रेषेच्या वर चार बोटं जास्तच. रात्रभर उपडा ठेवला. सकाळी तेच पाणी परत भरलं आणि तोंडाला तेच लुगडं घट्ट दोरीने बांधलं. एक तांब्याही वाया गेला नाही. पुढच्या फेरीला आशाताईला दाखवलं तर ती बराच वेळ लुगड्याच्या गाठीकडे बघत राहिली, मग तिने मोबाइलमध्ये फोटो काढून घेतला.

आता दर रविवारी आम्ही हे करतो. ड्रमचं हौदात, हौदाचं हंड्यांत, एकेक भांडं आळीपाळीने रिकामं. फवारणीवाले लिहायचे तशी मी रांजणाच्या मागच्या भिंतीवर खडूने नळ आला त्या दिवसाची तारीख लिहिते. शेजारच्या दोन घरांतही सुरू झालंय. एका घरात सुनेची कंबर दुखते म्हणून महिनाभरात बंद पडलं, कारण दोनशे लिटर पाणी तांब्याने उपसणं सोपं नाही, आणि ते काम घरातल्या बाईशिवाय कुणी करत नाही.

काल भिंतीवरच्या तारखेला अकरा दिवस झाले. नळ अजून आलेला नाही.